चाटलं तर काय?

माझ्या औषधाच्या दुकानात, गल्ल्याच्या बरोबर वर, डी. फार्म.चं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याची नजर आपोआप तिकडे जावी, अशा बेताने मी ते लावून घेतलं. पंचशीलाबाई माझ्या दुकानात दहा-बारा वर्षं येत होत्या. त्यांनी त्या फ्रेमकडे एकदाही पाहिलं नाही. सुरुवातीचे काही महिने मला याचा भारी राग होता.

कळमनुरीच्या सरकारी पशुदवाखान्यात त्या जखमा धुवायच्या आणि पट्ट्या बांधायच्या कामावर होत्या. त्या हुद्द्याला कागदोपत्री ‘व्रणोपचारक’ असा भारदस्त शब्द आहे, पण पगारपत्रकाच्या बाहेर तो कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. लोक त्यांना पट्टीवाल्या बाई म्हणायचे. अंगाने ठेंगण्या, काटक, नखं बोटाच्या पार कडेपर्यंत कापलेली. डाव्या मनगटात दोन बांगड्या आणि बांगड्यांच्या मागे चिकटपट्टीचं एक रिळ. ते रिळ त्यांनी काढून ठेवलेलं मी कधी पाहिलं नाही. बाजारात वांगी निवडतानासुद्धा ते हातात असायचं आणि वांगीवाली त्याला हात लावून, “बाई, ही नवीन फॅशन काय?” असं दर आठवड्याला विचारायची.

बैल, म्हशी, शेळ्या हे त्यांचं रोजचं काम. जीव मात्र कुत्र्यांत अडकलेला. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाल्या, “बैलाच्या पाठीवर लावलं तर पाठीवर राहतं. कुत्र्याला कुठंबी लावा, अर्ध्या घंट्यात पोटात. म्हणून त्याच्याकडं जास्ती ध्यान द्यावं लागतं.”

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी होती. एका कुत्र्याच्या पायाला जखम होती, त्यावरचं मलम हवं होतं. माझ्याकडे ते संपलेलं होतं. पण आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही, हे आमच्या धंद्याचं पहिलं शास्त्र. मी तत्परतेने लहान लेकरांच्या पुरळावर लावायचं पांढरं मलम पुढे केलं.

“याच्यात काय हाय?” त्यांनी विचारलं.

“जखम कोरडी करतं. माणसाच्या लेकराला चालतं, मग कुत्र्याला काय होतंय?”

“आन् चाटलं तर काय?”

“चाटेल कशाला?” मी म्हणालो.

बाईंनी आधी दुकानाच्या पाटीवरचं माझं नाव वाचलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. “दत्ताभाऊ, तुमाला लागलं तर तुमी काय करता? फुंकर घालता. त्याला फुंकर घालता येत न्हाई. तो चाटतो.”

मग त्यांनी मला त्या नळीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचायला लावली. मागे चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यात जस्ताचं नाव आलं तशी त्यांनी नळी माझ्या हातातून घेऊन काचेवर उलटी ठेवली. “हे पोटात गेलं की उलट्या. घडीघडी गेलं तर अंगातलं रगत जातं. राहू द्या, मी उद्या हिंगोलीहून मागवते.” आणि निघून गेल्या. पदविकाधारक माणसाला सातवी पास बाईने भर दुकानात शिकवावं हे मला झोंबलं. त्या दिवशी मी घरी जाऊन पुस्तक काढलं. बाईंचं बरोबर होतं. त्यामुळे राग आणखी वाढला.

त्यांचं घर कळमनुरीपासून सहा-सात किलोमीटरवरच्या एका गावात. तिथल्या अंगणात एक तार बांधलेली होती, तिच्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी रिकाम्या, चेपलेल्या नळ्या लटकवलेल्या. दुखण्यावर चोळायचं मलम, खाजेचं मलम, जागा बधिर करायचं मलम, सर्दीला छातीवर चोळतात ते कापराचं मलम. या सगळ्या कुत्र्याला बाधलेल्या नळ्या. कुणी कुत्रं घेऊन आलं की बाई आधी त्या माणसाला तारेखाली उभं करायच्या. “याच्यातली कोणती लावली का? न लाजता सांग.” लोक खालमानेने बोट दाखवायचे. फिनेल आणि रॉकेल ओतणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे नळी नव्हती, पण शब्द होते. ते मी इथे लिहीत नाही.

मात्र काय लावावं हे त्या स्वतःच्या अधिकारात कधी सांगत नसत. “मी डाक्टर न्हाई. डाक्टर सांगतील ते लावते. माझं काम धुवायचं.” धुण्याबद्दल मात्र त्या कुणाचं ऐकत नसत. पाणी उकळून कोमट केलेलं, लिटरला मीठ दोन सपाट चमचे. जखमेभोवतीचे केस आधी कापायचे, कारण केसावर लावलेलं मलम म्हणजे गवतावर टाकलेलं खत, असं त्यांचं मत. आणि सगळ्याच्या आधी जखमेचा वास घ्यायचा. डोळे मिटून, नाक चार बोटांवर नेऊन त्या असा काही वास घ्यायच्या की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं.

त्यांचं खरं भांडण होतं ते हळदीशी. आता आमच्या भागात हळदीला नावं ठेवणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वसमतच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, पोराबाळांची लग्नं तिच्यावर होतात. विळा लागला, हळद. बैलाचा खांदा सुजला, हळद. कुत्र्यालाही तेलात कालवून मूठभर हळद थापायची आणि आपण मोठं पुण्याचं काम केलं अशा चेहऱ्याने हात झटकायचे. बाईंच्या भावाचीही दोन एकर हळद होती. त्याच्या तोंडावर त्या म्हणायच्या, “हळद भाजीत. जखमेवर थापली की वरून पपडी धरती आन् खाली अळ्या पडतात. वरून पिवळं दिसतं म्हणून तुमाला वाटतं बरं होऊन राहिलं.” भाऊ दोन दिवस बोलायचा नाही.

त्या सेवानिवृत्त झाल्या त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. त्यांच्याच गावात दिगंबर नावाचा एक जण आहे. त्याच्याकडे हळद शिजवायचा कुकर आहे, म्हणजे ट्रॉलीवर बसवलेली लोखंडी पिंपं. पिंपात हळद वाफेवर शिजते आणि शिजली की खालचा नळ उघडून उकळतं पिवळं पाणी सोडून देतात. हंगामात दिगंबर हा कुकर या शेतातून त्या शेतात फिरवतो. दहा-बारा माणसांची टोळी बरोबर, आणि मोती नावाचं तांबूस कुत्रं. वाळत घातलेल्या हळदीत रानडुकरं शिरू न देणं हे मोतीचं काम, आणि ते तो इमानाने करायचा. दिगंबरला मूलबाळ नाही. तो मोतीबद्दल बोलताना कुत्रं हा शब्द वापरत नसे.

थंडीची सकाळ होती. उबेसाठी मोती ट्रॉलीखाली जाऊन झोपला होता. दिगंबरने न बघता नळ उघडला.

मोतीची पाठ आणि डावी कूस भाजली. टोळीने काय करावं? समोर हळदीचा ढीग. चांगली बोटभर जाड हळद तेलात कालवून थापली. गार पाणी कुणाला सुचलं नाही. हळद थापली म्हणून बाईंपुढे जायचा दिगंबरला धीर झाला नाही; तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. आठवडी बाजाराचा दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तो म्हणाला, “मोतीची पाठ भाजली. दुखून राहिलंय त्याला, बसता येईना. काहीतरी द्या.”

मी काय दिलं? आपण कंबर दुखली की चोळतो ते दुखण्याचं मलम. इतकी वर्षं बाई समोर उभ्या राहून मला प्रश्न विचारत होत्या, तो प्रश्न त्या दिवशी माझ्या मनात आला नाही. गर्दी होती हे खरं, पण गर्दीचं मी निमित्त सांगत नाही. कुत्रंच तर आहे, असा विचार माझ्या डोक्यात आला होता. तो मला पुरता आठवतो आणि आजही त्याची लाज वाटते.

दोन दिवसांनी बाई दुकानात आल्या. काचेवर नळी ठेवली. “ही तुमच्याकडची?”

“हो.”

“अर्धी संपली. तो भाजलेल्याच्या कडंकडंनं लावून राहिला आन् मोती चाटून राहिला. कालपसून काळं हगतंय, उलटीत रगत हाय.” मी काही बोलायच्या आत त्यांनी नळी उचलून कमरेला खोचली. “दुकान बंद करा. तुमची चारचाकी काढा. दवाखान्यात न्यायचंय त्याला.”

मी शटर ओढलं. भर दुपारी दुकान बंद केल्याची ती माझी पहिलीच वेळ.

दवाखान्यात बाईंनी डॉक्टरांपुढे आधी नळी धरली, कुत्रं मागून. डॉक्टर तरुण होते, बाई निवृत्त व्हायच्या आधी वर्षभर त्यांच्या हाताखाली होत्या. खरं तर कोण कुणाच्या हाताखाली होतं हे नक्की सांगता येणार नाही. डॉक्टरांनी नळीवरचं नाव वाचलं, किती दिवस चाटलं ते विचारलं, हिरड्या पाहिल्या आणि सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. मग म्हणाले, पोटाला जखमा झाल्यात, मूत्रपिंडाचं तीन दिवसांत कळेल. वाचेल असं आत्ता सांगत नाही.

दिगंबर भिंतीला टेकून खाली बसला. “मीच त्याला उकडलं,” तो म्हणाला. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

बाई कात्री पुसत होत्या. “व्हय. उकडलं तू, इख इकलं यानं, चाटलं त्यानं. आता रडायचं का धुवायचं, ते सांग.”

दिगंबर उठला. मीही उठलो, मला कुणी विचारलं नव्हतं तरी. बाईंनी आधी पट्टीच्या कापडाने मोतीचं तोंड हलकं बांधलं. मोती इतका गळाला होता की मी म्हणालो, कशाला बांधता? त्या म्हणाल्या, “दुखलं की माझा बाप बी चावंल.” मग मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेली कापडं त्या हळदीच्या थरावर ठेवायला सुरुवात झाली. ओढून काढायचं नाही. भिजू द्यायचं, सुटेल तेवढं उचलायचं, पुन्हा भिजवायचं. दीड तास हे चाललं. पिवळी पपडी निघाली तेव्हा खाली काय होतं ते बघून दिगंबरने तोंड फिरवलं. बाईंनी मात्र नाक खाली नेलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “सडलं न्हाई. वास कच्चा हाय. डाक्टर, हे येतंय हाताशी.”

डॉक्टरांनी भाजल्यावरचं मलम सांगितलं, पण तेही पोटात जाऊ द्यायचं नव्हतं. गळ्याभोवती घालायचं नरसाळं दवाखान्यात होतं ते लहान निघालं. बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “दत्ताभाऊ, घरी एक्स-रेचे जुने फोटो हायत का?” माझी कंबर दोन वर्षांपूर्वी धरली होती, त्याचे चांगले मोठे दोन फोटो कपाटावर पडून होते. मी ते आणून दिले. बाईंनी ते गोल वळवले, कडांना मनगटावरच्या रिळाची पट्टी चिकटवली, मोतीच्या मानेत घातले आणि मधून दोन बोटं फिरतात का ते पाहिलं. पुढचे कितीतरी दिवस माझ्या मणक्याची हाडं मोतीच्या गळ्यात पडून त्या गावात फिरत होती. उन्हात तो उभा राहिला की टोळीतली माणसं कुठला मणका कुठे आहे ते मोजायची आणि मला निरोप धाडायची.

पहिले तीन दिवस मात्र कुणालाच हसू येत नव्हतं. दवाखान्यातच मुक्काम, रोज सलाईन. मोती मान टाकून पडलेला. दिगंबरची टोळी पुढच्या शेतावर खोळंबलेली, शेतकऱ्यांचे फोनवर फोन. तो गेला नाही. गोणपाटावर मोतीशेजारी बसून राहायचा. मी दुकान उघडायच्या आधी एक चक्कर मारायचो, आणि बाई मला काही न सांगता पाण्याचं पातेलं हातात द्यायच्या. चौथ्या दिवशी सकाळी मोतीने लघवी चांगली केली आणि ताटलीतली भाताची पेज चाटली. डॉक्टरांनी मूत्रपिंड धरून आहे असं सांगितलं. पाचव्या दिवशी जखम धुताना त्याने बाईंवर दात काढले आणि खच्चून गुरगुरला. बाईंच्या चेहऱ्यावर मी असा आनंद त्याआधी पाहिला नव्हता. “आता हुशारी आली,” त्या म्हणाल्या. “तोंड जरा घट बांधा.”

त्यानंतर मोतीला गावी नेलं. तिथे सकाळ-संध्याकाळ तोच क्रम. धुवायचं, टिपून कोरडं करायचं, हाताला पिशवी बांधून मलम लावायचं, आणि लावून झालं की पाव घंटा त्याला दोरीने फिरवायचं, म्हणजे त्याचं ध्यान पाठीकडे जात नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा जखमेची कड ओली आणि लाल दिसली. बाईंनी दिगंबरकडे नुसतं पाहिलं. त्याने कबूल केलं की लवकर बरं व्हावं म्हणून त्याने आदल्या रात्री मलमाचा दुसरा थर चढवला होता. “मलम म्हंजी गिलावा न्हाई,” बाई म्हणाल्या. “पोळीला तूप लावतोस तेवढं. खालचं कातडं दिसलं पायजे.” आणि सगळं पुसून पुन्हा धुतलं. दिगंबर पन्नाशीचा बाप्या, पण लेकरासारखा कान धरून उभा राहिला.

महिन्याच्या वर दिवस गेले. कडेकडेने गुलाबी कातडं सरकत आत आलं, रोज नखाएवढं. एका सकाळी डॉक्टर स्वतः गावात आले, पाहिलं आणि म्हणाले, “बाई, आता काही लावू नका.” बाईंनी हात धुतले आणि माझा मणका मोतीच्या गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. मोती आधी गोल फिरला, मग जमिनीवर पाठ न घासता धूम पळाला, थेट हळदीच्या खळ्याकडे. दिगंबर त्याच्या मागे पळत होता आणि टोळीतली माणसं शिट्ट्या मारत होती. मीही मारली.

माझ्या दुकानात आता कुणीही मलम मागितलं की मी आधी विचारतो, माणसाला की जनावराला? जनावराला म्हटलं की मी हात आखडतो आणि पशुदवाखान्याचा रस्ता दाखवतो. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

पुढे बाई लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या, त्यानंतर भेट नाही. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वर्षीच्या पोळ्याला. दिगंबरने मला आग्रहाने बोलावलं होतं. गावात पोळ्याची रीत पक्की. वेशीत तोरण बांधतात, सगळे बैल जमतात आणि पाटलांची मानाची जोडी तोरणाखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं पाऊल पुढे पडत नाही. बाई आपल्या वस्तीतल्या बायांबरोबर वेशीच्या उजव्या अंगाला, जरा लांब उभ्या होत्या. दिगंबरने आपल्या बैलांबरोबर मोतीलाही न्हाऊमाखू घालून आणलं होतं, गळ्यात झेंडूची माळ. दोघं-तिघं कुरकुरले, पण हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

पाटलांची जोडी निघाली आणि मोतीने हिसका देऊन दोरी सोडवली. बैलांच्या पायांतून तो सरळ बाईंकडे गेला, त्यांचा पदर दातांत धरून त्यांना चार पावलं ओढत आणलं आणि बरोबर तोरणाखाली, रस्त्याच्या मधोमध आडवा झाला. डावी कूस वर करून.

मानाची जोडी थांबली. मागे सगळ्या गावाचे बैल थांबले, हलगी थांबली. कुणीतरी म्हणालं, “बाई, त्याला बाजूला घ्या की.” बाई अवघडल्या, वाकून त्याला उठवायला लागल्या. तेव्हा म्हातारे पाटील कासरा धरून तसेच उभे राहिले आणि म्हणाले, “काहून घाई करता? बघू द्या त्यास्नी. आमी थांबतो.”

बाई खाली बसल्या. पदर खोचला. तोरणाखाली, सगळ्या गावादेखत, त्यांनी दोन बोटांनी मोतीचे केस बाजूला केले. कूस तांबूस केसांनी भरून आली होती, मधे तळहाताएवढी गुळगुळीत जागा राहिली होती. त्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला, कड न् कड दाबून पाहिली, मग डोळे मिटून वास घेतला. कसलीही गडबड केली नाही. शंभर-सव्वाशे बैल झुली सावरत उभे होते आणि घुंगरं तेवढी वाजत होती. दिगंबरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही.

मग त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पाटलांकडे पाहून म्हणाल्या, “बराबर हाय. येऊ द्या आता तुमची जोडी.”